चौदा वर्षांचं पोरगं, तीस माणसं आणि एक गोदाम : सेंट लुईस

शुक्रवार

मेमोरियल डेच्या, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, लाँग वीकेंडला शिकागोजवळच्या आमच्या नेपरविलमधली निम्मी देसी मंडळी वर विस्कॉन्सिनला वॉटरपार्कला पळतात, आम्ही उलट्या दिशेला, आय-५५ हायवे धरून खाली निघालो. पावणेतीनशे मैल नुसती मक्याची नि सोयाबीनची शेतं, डोळ्याला अडायला टेकाड म्हणून नाही. गाडीत मी, बायको, चिरंजीव आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. सासरे म्हणजे अण्णा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना डिस्नी बिस्नी काही नको होतं, "एक मोठी नदी दाखवा म्हणजे झालं" एवढीच फर्माईश. आणि मला गेले काही महिने ऑग्युस्त शोटो या माणसाचं खूळ लागलेलं, तेव्हा दोघांचंही जमलं.

खूळ कसलं ते सांगतो. १७६४ च्या फेब्रुवारीत मिसिसिपीच्या पश्चिम काठाला ३० माणसं घेऊन एक होडी लागली, त्यांनी झाडं तोडली, हत्यारं नि धान्य ठेवायला एक शेड बांधली, राहायला झोपड्या उठवल्या, आणि त्याचंच पुढे सेंट लुईस झालं. त्या ३० जणांवर मुकादम होता हा ऑग्युस्त, वय वर्षं चौदा. तारखेवरून अजून वाद आहे, कोणी १४ म्हणतं कोणी १५, पण वयावर फारसा नाही, कारण सप्टेंबर १७४९ मधली न्यू ऑर्लिन्सची त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने हे सगळं फ्रेंचमध्ये लिहून काढलं, त्यातली थोडकीच पानं उरली आणि १८५८ साली इंग्रजी भाषांतरासकट छापली गेली. ती वाचली आणि ठरवलं की हे गाव बघायचं तर आर्चपासून, म्हणजे तिथल्या त्या प्रसिद्ध कमानीपासून, सुरुवात करायची नाही, हे लोक ज्या क्रमाने आले त्या क्रमाने जायचं. बायको म्हणाली तुझा क्रम तुझ्यापाशी, हॉटेलला स्विमिंग पूल पाहिजे. पूल होता. रात्री उशिरा पोचलो, झोपलो.

शनिवार

सकाळी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी खाऊन निघालो. शहराच्या दक्षिण अंगाला, हायवेला अगदी खेटून शुगरलोफ माउंड आहे, पहिला थांबा तिथं. आत जायचं नसतं, रस्त्यावरूनच बघायचं, आणि बघायला म्हणाल तर गवताचा एक उंचवटा. पण या शहराचं जुनं टोपणनाव माउंड सिटी, मातीचे असे बरेच ढिगारे इथे होते, हजारएक वर्षांपूर्वीच्या लोकांनी रचलेले, आणि एकेक करून सगळे गेले. सगळ्यात मोठा १८६९ ला सपाट झाला, माती भरावाला वापरली. शहराच्या हद्दीत उरलेला हा एवढाच, २००९ मध्ये ओसेज नेशनने, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांच्या सरकारने, पैसे मोजून विकत घेतला. ओसेज हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथून तासभर दक्षिणेला सेंट जेनेव्हिएव्ह. छोटंसं, नीटनेटकं गाव, त्यातली काही जुनी घरं २०२० पासून नॅशनल पार्क सर्विसकडे. पियेर लाक्लेद इथे नोव्हेंबर १७६३ मध्ये पोचला. हा लाक्लेद फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरातला, १७५५ ला न्यू ऑर्लिन्सला आलेला व्यापारी. माक्सां नावाच्या धनको पार्टनरबरोबर कंपनी काढून त्याने मिसुरी नदीवरच्या इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या, लोकांशी कातड्याचा व्यापार करायचं परमिट मिळवलं होतं. ऑगस्टमध्ये निघून प्रवाहाच्या विरुद्ध होड्या ओढत ओढत तीन महिने, बरोबर हा ऑग्युस्त. इथे येऊन बघतात तर माल ठेवायला जागाच नाही! ऑग्युस्त लिहितो की त्यांच्या मालाचा चौथा हिस्सा मावेल असं एकसुद्धा घर गावात नव्हतं. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या शहराचं मूळ कारण गोदाम मिळालं नाही हे आहे. राजाचा हुकूम, देवाचा दृष्टांत, कुत्र्यावर ससा धावून आला, असलं काही नाही.

गंमत म्हणजे लाक्लेदने पाहिलेलं सेंट जेनेव्हिएव्ह हे नव्हेच, ते खाली नदीलगत होतं, १७८५ च्या महापुरात बुडालं आणि लोक हळूहळू वर सरकले. पण आताच्या गावात १७९० च्या दशकातली जी घरं आहेत त्यांची बांधणी त्याच जुन्या पद्धतीची, नि सेंट लुईसची पहिली घरंही अशीच होती. आमूरू हाउस म्हणून एक आहे तिथं आत जाऊन बघितलं. ओंडके आडवे रचत नाहीत, उभे रोवतात, थेट जमिनीत, एकाला एक लागून, आणि मधल्या फटींत चिखल नि गवत कालवून भरतात. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भिंतीजवळ जाऊन बघितलं नि म्हणाल्या, "हा तर कूड." अण्णा खाली वाकून ओंडक्यांची जमिनीतली टोकं बघत होते, एवढी वर्षं सडली कशी नाहीत म्हणून, तर गाइडने सांगितलं की लाकूड सिडरचं आहे. मग अण्णांनी छपराच्या कैच्या बघितल्या, मग गॅलरी, मग परत ओंडके. आमचे चिरंजीव बाहेर बाकावर आडवे.

इथून फेरीने पलीकडे जायचा बेत होता पण नदी चढलेली, फेरी बंद. त्यामुळे खाली चेस्टरच्या पुलापर्यंत जाऊन इलिनॉयमध्ये शिरलो. चेस्टर हे पॉपाय काढणाऱ्या माणसाचं गाव, पुलाजवळच पॉपायचा पुतळा, त्यामुळे चिरंजीव जागे झाले. आणि या वळशामुळेच कास्कास्किया बघायला मिळालं, नाहीतर मी ते गाळलंच होतं. टेकडीवर जुन्या किल्ल्याच्या जागी एक ओव्हरलूक आहे, तिथून खाली नदी आणि पलीकडे शेतं दिसतात. कास्कास्किया हे त्या काळातलं या भागातलं मातब्बर फ्रेंच गाव, पुढे इलिनॉय राज्याची पहिली राजधानी. १८८१ मध्ये मिसिसिपीने पात्र बदललं, गावाच्या मागून नवी वाट काढली आणि जुनं गाव खाल्लं. आज कास्कास्किया कायद्याने इलिनॉयमध्ये आहे पण नदीच्या पश्चिमेला, मिसुरीच्या बाजूला, इलिनॉयच्या माणसाला आपल्याच राज्यातल्या त्या तुकड्यावर मिसुरीतून जावं लागतं. अण्णा कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बघा जावईबापू, सगळी गाळाची जमीन. ही नदी इथं कुणाला टिकू द्यायची नाही." २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा यांच्या घराच्या पहिल्या मजल्याला पाणी टेकलेलं, त्यामुळे त्यांचं हे नुसतं पुस्तकी बोलणं नाही.

फोर्ट द शार्त्र तिथून वर, प्रेरी दू रोशेजवळ. दगडी किल्ला, बराचसा पुन्हा बांधलेला, पण आतलं दारूकोठार मूळचं आहे, इलिनॉयमधली सगळ्यात जुनी इमारत म्हणतात. या किल्ल्याच्या कमांडंटने लाक्लेदला माल ठेवायला जागा दिली, म्हणून १७६३ चा हिवाळा त्यांनी इथं काढला. पण जागा उसनी आणि तीही मुदतीची, कारण त्याच वर्षी पॅरिसच्या तहात नदीचा पूर्व काठ इंग्रजांना गेला होता, किल्ला आज ना उद्या सोडायचाच होता. पश्चिम काठ फ्रेंचांचाच राहील असा सगळ्यांचा समज. तो काठ फ्रान्सच्या राजाने आधीच, नोव्हेंबर १७६२ ला, गुपचूप स्पेनला देऊन टाकला होता. लाक्लेदने गाव वसवलं ते फ्रान्सच्या राजासाठी, स्पेनच्या जमिनीवर, आणि त्याला पत्ताच नाही. किल्ल्याचंही शेवटी नदीनेच केलं, १७७२ मध्ये एक तट पात्रात गेला.

रविवार

आज संगम. हार्टफोर्डला लुईस अँड क्लार्क कॉन्फ्लुएन्स टॉवर आहे, १८० फूट उंच, मध्ये मध्ये थांबायला प्लॅटफॉर्म. वरून मिसुरी येऊन मिसिसिपीला मिळते ते दिसतं. मिसुरीचं पाणी जास्त गढूळ, दोन्ही पाण्यांचा रंग काही अंतर वेगवेगळा चालतो. वारा इतका की आईंनी पदर कमरेला खोचला.

डिसेंबर १७६३ मध्ये लाक्लेद ऑग्युस्तला घेऊन इथपर्यंत जागा बघत आला. व्यापाराच्या हिशोबाने संगमच पाहिजे, मिसुरीतून कातडी यायची, मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्सला जायची. आपल्याकडचा माणूस असता तर संगमावर देऊळ बांधून मोकळा झाला असता. यांनी संगम बघितला, सखल आहे हे ओळखलं आणि परत खाली जाऊन साधारण १८ मैलांवरची एक जागा धरली. तिथं चुनखडीचा कडा आहे, त्यावर सपाट माळ, जवळ झाडी, झऱ्याचं पाणी, आणि कड्याला एक उतार जिथून होडीतला माल वर नेता येईल. लाक्लेदने स्वतः झाडांवर खुणा केल्या आणि पोराला सांगितलं की नदीवरचा बर्फ हटला की तू इथं येऊन मी देतो त्या नकाशाप्रमाणे वस्ती उभी करायचीस. मग किल्ल्यावर परत येऊन त्याने कमांडंटला सांगितलं की हे पुढे अमेरिकेतल्या उत्तम शहरांपैकी एक होईल. आता हे वाक्य आपल्याला ऑग्युस्तच्याच लिखाणातून कळतं, आणि त्याने लिहिलं तेव्हा गाव नावारूपाला आलेलं होतं, त्यामुळे थोडं जपूनच घ्यावं.

अण्णांना हे जागेचं प्रकरण भलतंच आवडलं. काल वाहून गेलेलं गाव, वर सरकलेलं गाव नि तट पडलेला किल्ला असं सगळं ओळीने बघितलेलं असल्यामुळे खडकावर गाव बसवण्याचं मोल त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. वर मी त्यांना एक किस्सा ऐकवला, की नदीने कडा खाल्ला नाही तरी १८३० च्या दशकात ती दुसरीकडे सरकू लागली, सेंट लुईसच्या धक्क्यासमोर वाळू साठायला लागली, बंदर बुजायची वेळ आली, तेव्हा लष्कराच्या एका इंजिनियरला पाठवलं आणि त्याने पलीकडून बांध घालून प्रवाह परत शहराकडे ढकलला. इंजिनियरचं नाव रॉबर्ट ई. ली, तोच, नंतरचा यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती. अण्णा म्हणाले, "खात्यातच राहायला पाहिजे होता."

दुपारी काहोकिया माउंड्स. इथे फार लिहीत नाही, खरंतर त्याचा वेगळा लेख व्हावा. मंक्स माउंड १०० फूट, सगळा टोपल्यांनी माती वाहून रचलेला, साधारण ११०० च्या सुमारास इथे दहा ते वीस हजार लोक राहायचे असा अंदाज आहे, आणि १३५० पर्यंत सगळं ओस. वर चढून गेलं की पश्चिमेला आर्च दिसते. संस्थापक बिंस्थापक म्हणायच्या आधी माणसाने एकदा इथं चढून यावं.

संध्याकाळी शहरात येऊन टोस्टेड रॅव्हिओली खाल्ली, म्हणजे नावाला टोस्टेड, चक्क तळलेली असते. इथला पातळ पिझ्झा आणि त्यावरचं प्रोव्हेल चीज मला आवडलं नाही, चिरंजिवांनी माझाही तुकडा संपवला.

सोमवार

आर्च. ६३० फूट उंच, तेवढीच रुंद, १९६५ ला पूर्ण झाली. तिकिटं आधी काढलेली होती ते बरं झालं, सुट्टीची गर्दी मरणाची. वर नेणारी ट्राम म्हणजे वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये पाच जणांना बसवल्यासारखं, दार एवढंसं की अण्णांना जवळजवळ रांगत जावं लागलं, गुडघ्याला गुडघा लागतो, आणि पायाच्या वाकणानुसार डबा मध्येच कट्ट करून सरळ होतो. चार मिनिटं. वर छोट्या छोट्या खिडक्या, त्यांच्यावर पोटावर ओणवं होऊन बघायचं. पूर्वेला नदी, बार्जेस, पलीकडे इलिनॉयची सखल जमीन. पश्चिमेला शहर. १९९३ ला इथे नदी ४९.५८ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ३० फूट. अण्णांनी आकडा वहीत लिहून घेतला.

खाली म्युझियममध्ये फ्रेंच काळातल्या सेंट लुईसवर चांगलं दालन आहे, उभ्या ओंडक्यांच्या घराचा दर्शनी भाग केलाय. आता खरी गोष्ट अशी की मूळ गाव नेमकं या आर्चच्या हिरवळीखाली होतं. नदीलगत चौक, त्याच्या मागे लाक्लेदचं घर कम ऑफिस कम गोदाम, त्याच्या मागे चर्चची जागा, उत्तर-दक्षिण तीन लांब रस्ते. स्मारकासाठी १९३९ ते ४२ मध्ये इथले सुमारे ४० ब्लॉक पाडून सपाट केले. फ्रेंच घरं तोवर नव्हतीच म्हणा, त्यांच्या जागी नंतरची दगड-विटांची आलेली, ती पण गेली. पश्चिमेकडे पसरलेल्या देशाचं स्मारक उभारायला पश्चिमेकडचं जुनं गावठाणच साफ केलं, कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे! पाडापाडीतून राहिलं ते ओल्ड कॅथेड्रल, १८३४ चं. लाक्लेदने चर्चसाठी सोडलेला प्लॉट तोच, तो कधी विकलाच गेला नाही.

कॅथेड्रलला पाठ करून नदीकडे चालायला लागलं की थोड्याच पावलांत लाक्लेदच्या, पुढे शोटोंच्या झालेल्या, त्या घराच्या जागेवर आपण असतो. पाटी वगैरे शोधत बसलो नाही, हिरवळीवर लोक कुत्री फिरवत होते, तिथंच चादर अंथरून बसलो आणि मी मंडळींना तळघराची गोष्ट सांगितली.

एप्रिलमध्ये लाक्लेद आला, गावाला सेंट लुईस नाव दिलं, घराची जागा आखून दिली नि परत किल्ल्यावर गेला, सामान हलवायचं होतं. पाठीमागे मिसुरी जमातीचा अख्खा तांडा आला, दीडशेच्या आसपास लढवय्ये, शिवाय बायका-पोरं. आले आणि म्हणाले आम्ही इथंच राहणार, तुमच्या घराभोवती. तीसेक माणसं नि चौदा वर्षांचा म्होरक्या, काय करणार? पलीकडून राहायला आलेली काही घरं तर घाबरून परत नदीपार गेली. ऑग्युस्तने लाक्लेदला निरोप धाडला आणि तो येईपर्यंत या लोकांना कामाला लावलं. बायका-मुलांकडून घराचं तळघर खणून घेतलं. लाकडी परातींत नि टोपल्यांत माती भरून डोक्यावरून वाहायच्या, मजुरी म्हणून हिंगूळ, टोचे आणि जंगाल, म्हणजे अंगाला लावायचे रंग नि कातडं शिवायचं सामान. तळघराचा बराचसा भाग त्यांनीच खणला असं तो स्वतःच लिहितो, त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटत नाही. मग लाक्लेद आला. जमातीचे प्रमुख म्हणाले आम्ही बदकांसारखे, मोकळं पाणी दिसेल तिथं उतरतो. तो म्हणाला बदकं उघड्यावर उतरली की गरुड टपलेले असतात, तुमचे शत्रू इंग्रजांच्या आश्रयाला आहेत, इथं राहिलात तर बायका-मुलांचे हाल होतील. शेवटी धान्य, दारूगोळा, कापड देऊन बोळवण केली आणि ते मिसुरीवर परत गेले.

मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात बोलकी वाटते. पहिला वसाहतकार म्हटलं की कुऱ्हाड घेऊन जंगलात एकटा उभा असलेला माणूस डोळ्यासमोर येतो. हा पोरगा काय करत होता? हजेरी घेणं, मजुरी वाटणं, निरोप पाठवणं, वेळ काढणं. साइट सुपरवायझरची कामं. शहराची पहिली मोठी खुदाई केली ती ज्या बायकांनी, त्यांनाच पुढच्या काही दिवसांत इथून निघा म्हणून सांगितलं गेलं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बातमी आली की हा काठ स्पेनचा झालाय, पण गावाचं काही अडलं नाही, इंग्रज नको म्हणून पूर्व काठावरचे फ्रेंच नदी ओलांडून येतच राहिले. पुढच्या वर्षी किल्ला इंग्रजांना देऊन तिथला शेवटचा फ्रेंच कमांडंट सँ-आंज हासुद्धा इथेच राहायला आला.

आईंना मात्र दुसऱ्याच गोष्टीत रस. "त्याची आई कुठं होती?" तर आई न्यू ऑर्लिन्सला. मारी तेरेझ बुर्ज्वा शोटो. नवरा, थोरला रने शोटो, तिला नि मुलाला टाकून फ्रान्सला निघून गेलेला, पुढे ती लाक्लेदबरोबर राहिली, त्याच्यापासून चार मुलं झाली. पण कॅथलिक कायद्यात घटस्फोट नाही, नवरा जिवंत, त्यामुळे चौघांनाही आडनाव शोटोच लागलं. १७६४ च्या शरद ऋतूत ती मुलांना घेऊन, धाकटी तान्हीच, नदीने वर आली. पुढे लाक्लेदने घर, जमीन तिच्या नि मुलांच्या नावे करून दिली. नवरा परत येऊन तिच्यावर हक्क सांगायला लागला तरी ती गेली नाही, इथेच राहून स्वतःचा व्यवहार बघितला, १८१४ मध्ये वारली. नि ऑग्युस्तच्या पानांत आईबद्दल, घरच्या या गुंत्याबद्दल अवाक्षर नाही. आई सगळं ऐकून म्हणाल्या, "पोरांना बापाचं नाव लावता आलं नाही, आणि गावाला राजाचं लावलं." अण्णा खोकले.

लाक्लेदचा शेवट काही चांगला नाही. गाव वसलं पण धंदा बुडीतच गेला, माक्सांचं कर्ज डोक्यावर, १७७८ च्या मे महिन्यात न्यू ऑर्लिन्सहून परत येताना आर्कान्सा नदीच्या मुखाजवळ वाटेतच गेला, काठावर कुठंतरी पुरला, जागा कोणाला माहीत नाही. सिटी हॉलजवळ त्याचा पुतळा आहे, जाताना गाडीतूनच बघितला. त्याचे हिशोब मिटवायचं काम आलं ऑग्युस्तकडे. ऑग्युस्तने गिरणी घेतली, पुढे १७८९ ला हे घरही विकत घेतलं आणि वाढवून हवेली केली. ती १८४१ मध्ये पाडली.

दुपारी लाक्लेड्स लँडिंगच्या दगडी गल्ल्या फिरलो, बऱ्याच जागा बंद होत्या, ईड्स ब्रिज मात्र बघण्यासारखा आहे, १८७४ चा, स्टीलचा. संध्याकाळी टेड ड्रूजचं फ्रोझन कस्टर्ड, कप उलटा करून देतात तरी पडत नाही. या ट्रिपमधलं चिरंजिवांचं हे सर्वोच्च स्थळ.

मंगळवार

एक दिवसाची सुट्टी टाकलेली होती. निघायच्या आधी ओल्ड कोर्टहाउससमोर थांबलो. ही जमीन शोटोने नि जज लुकासने कोर्टासाठी म्हणून दिली, आणि इथेच १८४७ व १८५० मध्ये ड्रेड स्कॉटचे खटले चालले, स्वातंत्र्य मागणाऱ्या गुलामाचे. शोटोंकडे स्वतःकडेही गुलाम होते हे विसरून चालत नाही. ऑग्युस्तचा धाकटा भाऊ पियेर, लाक्लेदचाच मुलगा तो, त्याच्या घरातल्या मार्गरीत नावाच्या बाईने दावा लावला की माझी आजी इंडियन होती नि स्पॅनिश कायद्याने इंडियन माणसाला गुलाम करता येत नव्हतं. या कुटुंबाचे दावे १८०५ पासून चालू होते, निकाल तिच्या बाजूने लागला १८३६ ला. म्युझियममध्ये फर ट्रेडच्या राजांचं कौतुक वाचून आलेल्या माणसाने ही तारीख पण वाचावी.

मग शहराच्या उत्तरेला कॅल्व्हरी सिमेट्री. मेमोरियल डे कालच झालेला, त्यामुळे कबरींवर छोटे झेंडे अजून फडकत होते. ड्रेड स्कॉटच्या दगडावर लोक पेन्या ठेवून जातात, लिंकनचं तोंड असलेल्या, ओळीने ठेवलेल्या होत्या. ऑग्युस्त शोटोही इथेच. १८२९ च्या फेब्रुवारीत गेला, गाव वसवलं त्याच महिन्यात, ६५ वर्षांनी. त्या आयुष्यात त्याच्या गावावर किती झेंडे बदलले बघा, फ्रान्सचा समज, मग स्पेन, मग १८०४ च्या ९ मार्चला स्पेनचा उतरून फ्रान्सचा, आणि दुसऱ्या दिवशी १० मार्चला फ्रान्सचा उतरून अमेरिकेचा. प्रत्येक नवीन साहेब आला की तो शोटोंच्याच घरी जेवायला. पश्चिमेच्या मोहिमेवर निघालेले लुईस-क्लार्क आले, त्यांनाही नकाशे, माहिती, सामान या भावांकडूनच. कारण मिसुरी नदीवर कोण कुठं राहतं नि कोणाशी कसं बोलायचं हे यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. १७९४ मध्ये ओसेजांशी व्यापाराचा मक्ता स्पेनने यांनाच दिला, बदल्यात यांनी ओसेज मुलखात किल्ला बांधून द्यायचा. पियेर तर वर्षानुवर्षं ओसेजांमध्ये जाऊन येऊन. आणि १८०८ ला ओसेजांनी करारावर सह्या करून अफाट जमीन अमेरिकेला देऊन टाकली त्यात मध्यस्थ म्हणून हेच. २०० वर्षांनी त्याच लोकांना शनिवारी बघितलेला तो एक ढिगारा पैसे देऊन घ्यावा लागला.

१८०९ ला टाउन झालं तेव्हा ट्रस्टींचा पहिला अध्यक्ष ऑग्युस्त. बँक निघाली तिथंही तो. घरात ६०० च्या वर पुस्तकं. म्हातारपणी जमिनीच्या दाव्यांत त्याची साक्ष काढायचे, कोणाचा प्लॉट कुठपर्यंत, कोण कधी आलं, कारण सुरुवातीपासून हजर असलेले असे उरलेच किती होते. मला वाटतं संस्थापक लाक्लेद की ऑग्युस्त या वादाचं उत्तर यातच आहे. जागा हेरली, पैसा उभा केला, नाव दिलं लाक्लेदने, त्यात शंका नाही. पण गाव काही एका वर्षात बसत नाही, लाक्लेद चौदा वर्षांत संपला आणि ऑग्युस्त त्यानंतर पन्नास वर्षं ते गाव ओढत राहिला, स्वतःचं भलं करून घेत, पण ओढत. अण्णांचं मत उलट आहे, "जागा चुकली असती तर पोरगा काय करणार होता?" हा वाद लिचफिल्डला गॅस भरेपर्यंत चालू होता.

जाणार असाल तर एवढंच, सेंट जेनेव्हिएव्हची फेरी चालू आहे का ते निघायच्या आधी फोन करून विचारा, पाणी चढलं की बंद करतात. आर्चच्या ट्रामची तिकिटं ऑनलाइन काढा आणि गुडघे दुखत असतील तर वर जायचं का याचा विचार करा. शोटोच्या त्या पानांचं मूळ हस्तलिखित मर्कंटाइल लायब्ररीत आहे, ती आता मिसुरी युनिव्हर्सिटीच्या सेंट लुईस कॅम्पसवर असते, आमचं राहिलं. कॅल्व्हरी ४७० एकरांची आहे, गेटवरच्या ऑफिसातून नकाशा घेतल्याशिवाय आत गाडी घालू नका.